विसावा चमचा

छापखान्यात नवा आलेला माणूस पहिल्या आठवड्यात एकदा तरी खिळेबाईंकडे बघत उभा राहायचा. डाव्या हातात जुळणीची पट्टी, उजवा हात खणाखणांतून दाणे टिपणाऱ्या पाखरासारखा फिरतोय, आणि डोळे मात्र भलतीकडेच, समोरच्या मजकुरावर. शिशाच्या खिळ्यावर अक्षर आरशातल्यासारखं उलटं असतं, ओळ जुळली की तीही उलटीच दिसते. बाई ती उलटी ओळ सरळ ओळीपेक्षा भरभर वाचायच्या. 'खिळेबाई' हे नाव कुणी ठेवलं ते कुणाला आठवत नाही. छापखान्यातून ते गल्लीत आलं आणि गल्लीतून घरात. नवरा बसडेपोत मिस्त्री होता, त्यालाही सगळे मिस्त्रीच म्हणायचे. तो भांडणातही 'खिळेबाई' म्हणायचा आणि लाडातही. कुठलं काय ते सुरावरून ओळखायचं.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी बाईंनी एक घोळ घातला होता. पियानो सुरात लावून देणाऱ्या एका गृहस्थांची इंग्रजी कार्डं जुळवताना त्यांनी एनच्या जागी यू बसवला. लहान लिपीतले हे दोघे म्हणजे एकमेकांचे उलटे भाऊ. एन म्हणजे कमान, यू म्हणजे वाटी. कमान उपडी टाकली की वाटी झालीच. सगळी कार्डं रद्दीत गेली. फोरमन रागीट म्हणून प्रसिद्ध होते, पण त्या दिवशी ते ओरडले नाहीत. दोन्ही खिळे त्यांनी बाईंच्या तळहातावर ठेवले.

"पोरी, अक्षराचं पोट बघू नकोस. पोट सगळ्यांचं सारखंच असतं. पाय बघ."

बाईंनी बघितले. एनच्या दोन्ही पायांना बारीक आडव्या रेघा होत्या, डावी-उजवीकडे फुटलेल्या, जणू बूट घातलेत. यूला तशा रेघा पायांत नव्हत्या. डोक्यावर दोन शेंड्या होत्या, आणि त्या दोन्ही एकाच बाजूला वळलेल्या. म्हणजे यूला उलटा करून एनच्या वेषात उभा केला, तरी त्याचे बूट एकाच बाजूला तोंड करून राहणार. त्यानंतर चौतीस वर्षांत बाईंच्या हातून ती चूक झाली नाही.

चमच्यांचं वेड लागलं ते मात्र निव्वळ विसरभोळेपणामुळे. एक दिवस डब्यात चमचा घ्यायचा राहिला. मधल्या सुट्टीत बाई छापखान्यामागच्या जुन्या बाजारात गेल्या. तिथे एका पोत्यावर बिजागऱ्या, कुलपं आणि सायकलची पायडलं पडली होती, त्या ढिगातून त्यांनी एक काळाकुट्ट चमचा उचलला. चमच्याच्या मानानं तो चांगलाच जड होता. विक्रेत्यानं दोन चहांच्या पैशांत तो देऊन टाकला, वर म्हणाला, "घासला तर उजळेल, नाही उजळला तर परत आणू नका."

नळावर उभं राहून बाईंनी खडूच्या पुडीनं तो घासला. काळं निघून गेलं आणि खालून दुधासारखी मऊ पांढरी चमक वर आली. स्टीलची चमक डोळ्यांत खुपते, ही खुपत नव्हती. दांडीच्या पाठीवर, खाली वाटीच्या जवळ, चार बारीक ठसे होते. छपाईतले ठिपके तपासायचं भिंग बाईंच्या खिशात कायमच असायचं. ते त्यांनी डोळ्याला लावलं. एक पंजा उचलून चालणारा सिंह. मुकुट घातलेलं एक श्वापदाचं तोंड. कुणाच्या तरी नावाची दोन आद्याक्षरं. आणि एक लहान लिपीतला जी.

बाकीचं राहू द्या, त्या जीनं बाईंना धरून ठेवलं. त्याच्या खालच्या वेटोळ्याला एक ऐटदार झोल होता. असा झोल त्यांच्या छापखान्यात फक्त तळच्या कप्प्यातल्या, सर्वांत जुन्या वळणाच्या खिळ्यांना होता.

"ज्यानं हा ठसा कोरलाय ना, त्याचा हात मला ओळखीचा वाटतो," त्या संध्याकाळी घरी येऊन म्हणाल्या.

मिस्त्री ग्रीसचे हात धूत होते. "परपुरुषाचा हात ओळखीचा वाटतो आणि हे नवऱ्याला सांगतेस? धन्य आहे."

पुढच्या रविवारी बाई वाचनालयात जाऊन बसल्या. ग्रंथपालानं एक जाडजूड पुस्तक काढून दिलं आणि त्या पुस्तकानं त्यांच्यापुढे एक नवाच छापखाना उघडला. सिंह म्हणजे चांदी खरी आणि पुरेशी शुद्ध. मुकुटातलं बिबळ्याचं तोंड म्हणजे तपासणी लंडनला झाली. दोन आद्याक्षरं घडवणाऱ्या कारागिराची. आणि ते एकटं अक्षर म्हणजे साल. दर वर्षी एक नवं अक्षर. एपासून यूपर्यंत, मधला जे गाळून, वीस अक्षरं. वीस वर्षं झाली की पुन्हा ए, पण अक्षराचं वळण वेगळं, भोवतीच्या ढालीचा आकार वेगळा. बाईंचा जी सतराशे बेचाळीसचा निघाला.

म्हणजे अडीचशे वर्षांमागे कुणीतरी एक बारका पोलादी खिळा हातात धरून, हातोडीचा एक ठोका देऊन हे साल छापलं होतं. हे तर आपलंच काम! आणि वीस अक्षरांचा संच म्हटल्यावर तो पुरा नको का? खिळ्यांच्या लाकडी पेटीतला, म्हणजे केसमधला, एक खण रिकामा असला तरी कंपोझिटरचा हात अडखळतो. त्या दिवशी बाईंनी मनाशी ठरवलं, सतराशे छत्तीसच्या एपासून सतराशे पंचावन्नच्या यूपर्यंत, त्या एकाच फेरीची वीसच्या वीस अक्षरं आपल्या घरात यायची.

ठरवायला काय, माणूस काहीही ठरवतो. इथे बावीस वर्षं गेली.

एकेक चमचा एकेका दारातून आला. के एका रंगाऱ्याकडे सापडला, तो त्यानं रंगाचे डबे उघडायचा. ईच्या वाटीत कुण्या बाळाच्या दातांच्या खुणा होत्या. क्यू एका बंद पडलेल्या हॉटेलच्या सामानात मुलामा दिलेल्या काट्यांखाली गाडला गेला होता. बाईंनी तो निव्वळ वजनावरून ओळखला, डोळ्यांची गरजच पडली नाही. जुळणीचं काम मशीनवर गेलं आणि छापखान्यानं शिशाचे खिळे वितळवायला दिले, तेव्हा बाईंनी मालकाकडून एक रिकामी लाकडी केस मागून आणली. मिस्त्रींनी तिच्या आतल्या आडव्या पट्ट्या काढून वीस लांबट खण केले, निळं फ्लॅनेल चिकटवलं आणि प्रत्येक खणाखाली एकेक अक्षर रंगवलं. काम डोळ्यांत भरण्यासारखं झालं होतं, पण तोंडानं कुरकुर चालूच.

"एकेक करून एकोणीस सवती आणल्यास माझ्या उरावर," मिस्त्री म्हणायचे. "आणि वर त्यांच्या गाद्याही मीच शिवायच्या."

बाईंची नणंद जवळच राहायची. तिचं बोलणं म्हणजे कैरीची फोड. "वहिनी, आमच्या दादाला स्टीलचा चमचा आणि फ्लॅनेलवर निजायला चांदीचे! जेवतं कोण त्यांनी?"

"आम्हीच जेवतो, वन्सं," बाई सांगायच्या. आणि ते खरं होतं. दर रविवारी पाळीपाळीनं दोन चमचे केसमधून बाहेर निघायचे, सूप प्यायला, मुरांबा घ्यायला, एकदा तर मुलीचं खोकल्याचं औषध द्यायलाही. वापरली की चांदी काळवंडत नाही, हे बाईंनी पुस्तकात नंतर वाचलं. तोवर त्यांच्या हातांना ते कळलं होतं.

एकोणीस खण भरले. विसावा, यूचा, सात वर्षं रिकामा राहिला.

वाचनालयाच्या वरच्या खोलीत महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी संग्राहकांची बैठक भरायची. नाणीवाले, तिकिटंवाले, घड्याळवाले, आणि चांदीवाले पाच-सहा. अध्यक्षपदी संग्रहालयाच्या बाई, म्हणजे शहरातल्या संग्रहालयाच्या जुन्या वस्तूंच्या विभागप्रमुख. कमी बोलणाऱ्या, पण बोलल्या की खोली ऐकायची. चांदीवाल्यांत वजन होतं ते कॅप्टनसाहेबांचं. आयुष्य जहाजावर काढलेला माणूस. मिशा चांदीच्या वस्तूंसारख्याच घासूनपुसून ठेवलेल्या. मखमली पेटीला पितळी कुलूप आणि कुलपाची किल्ली घड्याळाच्या साखळीला. तीच फेरी तेही जमवत होते, त्यांच्याकडेही एकोणीस झाले होते, आणि त्यांचाही यूच अडला होता.

बाईंना ते 'प्रेसवाल्या बाई' म्हणायचे. एकदा, बाई ऐकताहेत हे ठाऊक असून, ते घड्याळवाल्यांना म्हणाले होते, "संग्रहाला घराणं लागतं हो. नुसतं भिंग घेऊन भागत नाही." बाईंनी ते ऐकलं, गिळलं, आणि पुढच्या बैठकीलाही वेळेवर हजर झाल्या.

तर अशाच एका रविवारी कॅप्टनसाहेबांनी बाईंना आपल्या टेबलाशी बोलावलं. त्यांचा डोळा होता बाईंच्या जाळीच्या चमच्यावर. त्या छोट्या चमच्याच्या वाटीला नक्षीदार भोकं होती आणि दांडीचं टोक अणकुचीदार होतं. पूर्वी चहात तरंगणारी पानं त्यानं काढायचे आणि टोकानं किटलीची नळी मोकळी करायचे. त्यावर सालाचं अक्षर नव्हतं, त्यामुळे बाईंच्या रांगेत त्याला जागा नव्हती.

"तुमचा हा जाळीचा मला द्या," कॅप्टनसाहेब म्हणाले, "आणि बदल्यात हा घ्या. सतराशे अठ्ठेचाळीसचा एन. माझ्याकडे दोन आहेत. तुमच्याकडचा झिजलाय, मी पाहिलाय. हा छान आहे."

आजूबाजूला चार-पाच जण होते. बाईंनी चमचा हातात घेतला. वजन चांगलं, वाटीच्या पाठीवरची रेघ उंदराच्या शेपटीसारखी निमुळती, दांडीचं टोक वर वळलेलं. त्यांनी भिंग लावलं. ठसे चेपलेले होते, त्यात नवल नव्हतं. त्या काळी ठसे मारून आणल्यावर कारागीर दांडी पुन्हा ठोकून बारीक करायचा आणि त्यात बिचारी अक्षरं दोन्हीकडून चेपली जायची. सिंह चेपलेला, बिबळ्या चेपलेला. कमान दिसत होती. एन.

मग सवयीनं बाईंची नजर खाली सरकली, पायांवर.

दोन्ही बूट उजवीकडे तोंड करून उभे होते.

बाईंनी चमचा उलटा फिरवला, पुन्हा बघितलं. अक्षराभोवतीची ढाल चेपून तिची टोकं बोथट झाली होती, पण आता तिचा निमुळता भाग खाली आला होता. ढाल सरळ झाली तसं आतलं अक्षरही सरळ झालं. कमानीची वाटी झाली. त्या दिवशी लंडनच्या त्या कामगारानं ठसा उलटा धरून ठोका दिला होता. आणि सात वर्षं जो यू बाई शोधत होत्या, तो त्यांच्या हातात होता. फक्त "ठीक आहे, घेते" एवढे शब्द बोलायचे होते.

समोर कॅप्टनसाहेब वाट बघत होते. त्यांची बोटं जाळीच्या चमच्यापर्यंत पोचलीही होती.

"कॅप्टनसाहेब," बाई म्हणाल्या, आणि आपलाच आवाज त्यांना दुसऱ्या कुणाचा तरी वाटला. "हा एन नाही. हा यू आहे. उलटा मारलाय."

कॅप्टनसाहेब मोठ्यानं हसले. "सोळा वर्षं हा माझ्या पेटीत आहे, बाई. तीन तज्ज्ञांनी पाहिलाय."

"त्यांनी पोट पाहिलं असेल. पाय बघा."

"पाय?" त्यांनी भिंग लावल्यासारखं केलं आणि लगेच काढलं. "चेपलेल्या अक्षराला कसले पाय! यू हवासा झाला की माणसाला सगळीकडे यूच दिसतो. तुमची निराशा मी समजू शकतो."

बाईंचा चेहरा तापला. "निराशा नाही, साहेब. जे आहे ते सांगतेय."

"असं?" कॅप्टनसाहेबांनी सगळ्यांकडे एक नजर फिरवली. आता माघार घेणं त्यांच्या मिशांना शोभलं नसतं. "मग ऐका सगळ्यांनी. पुढच्या बैठकीत हा यू आहे असं सिद्ध करा. झालं सिद्ध, तर चमचा तुमचा. बदल्यात काही नको. नाही झालं, तर जाळीचा चमचा मला, आणि या टेबलावर पुन्हा अक्षरांची चर्चा नाही."

"चालेल," बाई म्हणाल्या. चमचा तोवर संग्रहालयाच्या बाईंकडे ठेवायचं ठरलं.

घरी सगळी हकिकत ऐकून मिस्त्रींनी कपाळाला हात लावला. "अगं, गुपचूप घेऊन यायचास की! त्यानंच पुढे केला होता ना? तू का चोरी करत होतीस?"

"चोरी नव्हती," बाई म्हणाल्या. "पण जन्मभर लोकांच्या प्रुफात चुका दाखवल्या मी. समोर चूक दिसली आणि गप्प राहिले, तर एवढी वर्षं काय केलं म्हणायचं?"

बाह्या सरसावत मिस्त्री म्हणाले, "बरं, सिद्ध कसं करणार ते सांग. हत्यारं काय लागतील?"

हत्यारं म्हणून घरात होते मूठभर जुने खिळे, वितळवायच्या ढिगातून बाईंनी आठवणीसाठी वाचवलेले. त्यांत त्या जुन्या वळणाचा एन होता आणि यूही होता. प्रश्न होता दाबाचा. चेपल्यावर पाय टिकतात की जातात? दोन दिवस बाई त्याच विचारात होत्या. तिसऱ्या दिवशी भांडी घासताना त्यांच्या हातातून साबणाची वडी निसटली आणि वडीवर त्यांच्या नखाचा ठसा उमटला. बाई तशाच ओल्या हातांनी उठल्या.

पुढचे तीन आठवडे त्या घरात साबण अंगाला लावायला उरला नाही. ओल्या वडीच्या पट्ट्या कापायच्या, त्यांवर एन आणि उलटा यू ठोकायचा, मग मिस्त्रींच्या शेगड्यात, स्क्रूच्या लोखंडी पकडीत, पट्टी धरून दोन्ही बाजूंनी हळूहळू आवळायची. एकदा थोडी, एकदा जास्त, एकदा पार. मिस्त्री शेगडा फिरवायचे, बाई भिंग लावून "अजून" किंवा "पुरे" म्हणायच्या. अक्षर काडीसारखं बारीक झालं, कमान सुईच्या नेढ्याएवढी उरली. पण एनचे बूट दोन दिशांनाच राहिले आणि यूचे एका दिशेलाच.

नणंद मध्येच एकदा डोकावली. स्वयंपाकघरभर साबणाच्या पट्ट्या बघून तिनं पदर नाकाला लावला. "दादा, तुम्हीसुद्धा?"

"मी सरकारी साक्षीदार आहे," मिस्त्री म्हणाले.

बैठकीच्या दिवशी वरच्या खोलीत खुर्च्या पुरल्या नाहीत. नाणीवाले, तिकिटंवाले, सगळे चांदीच्या टेबलाभोवती. मिस्त्री एरवी खाली फाटकाशीच थांबायचे, त्या दिवशी धुतलेला शर्ट घालून दाराशी उभे होते. बाईंनी पिशवीतून बिस्किटांचा डबा काढला, आणि डब्यातून साबणाच्या आठ पट्ट्या. कुणीतरी फिसकन हसलं. बाईंनी तिकडे लक्ष दिलं नाही.

"यांतल्या चार एनच्या आहेत, चार उलट्या यूच्या," त्या म्हणाल्या. "कुठली कुठली ते मी सांगत नाही. पोट बघून ओळखा."

भिंग हातोहात फिरलं. कुणालाच धड ओळखता येईना. घड्याळवाल्यांनी तीन सांगितल्या, तीनही चुकल्या.

"आता पाय बघा. बूट दोन दिशांना असतील तर एन. एकाच दिशेला असतील तर यू."

दोन मिनिटांत आठही पट्ट्या बिनचूक वेगळ्या झाल्या. तिकिटवाल्या आजोबांनी तर भिंगाशिवाय एक ओळखली आणि लहान मुलासारखी टाळी वाजवली. मग बाईंनी संग्रहालयाच्या बाईंकडून चमचा घेतला आणि टेबलाच्या मधोमध ठेवला. एकेकानं वाकून बघितलं. एकेकानं सरळ होऊन भिंग पुढच्याला दिलं.

कॅप्टनसाहेबांनी सर्वांत शेवटी बघितलं, आणि या वेळी भिंग लवकर काढलं नाही. तरी म्हणाले, "साबण म्हणजे चांदी नव्हे. ठसा झिजतो, चांदी वाहते. साबणावर न्याय होत नसतो."

याच्यापुढे बाईंकडे काही नव्हतं.

तेवढ्यात संग्रहालयाच्या बाई उठल्या. त्यांनी आपल्या पिशवीतून एक जाड पुस्तक काढलं, त्यात खुणेसाठी कागद घातलेला होता.

"महिनाभर चमचा माझ्याकडे होता," त्या म्हणाल्या. "सगळे सालाच्या अक्षराशी भांडत होते, म्हणून मी शेजारचा ठसा बघितला. कारागिराचा. दोन आद्याक्षरं आणि मधे एक चांदणी. ही कारागिरांच्या ठशांची नोंद. आपला ठसा नोंदवल्याशिवाय कुणालाही माल तपासणीला देता यायचा नाही." त्यांनी पान उघडून कॅप्टनसाहेबांपुढे फिरवलं. "चांदणीचा हा ठसा याच माणसाचा. नोंदवला सतराशे त्रेपन्न साली. त्याआधी तो दुसऱ्याच्या हाताखाली उमेदवारी करत होता. मग सतराशे अठ्ठेचाळीसचा चमचा त्यानं घडवला कसा?"

कॅप्टनसाहेबांनी नोंदीतल्या सालाखाली बोट धरलं.

"सतराशे अठ्ठेचाळीसचा एन होऊच शकत नाही," संग्रहालयाच्या बाई म्हणाल्या. "सतराशे पंचावन्नचा यू अगदी बरोबर बसतो. आणि हे मी पुस्तकात बघून सांगतेय. यांनी नुसत्या डोळ्यांनी सांगितलं होतं, माझ्या महिनाभर आधी."

पुस्तक मिटून कॅप्टनसाहेबांनी ते सावकाश परत केलं. यू शोधत होते आणि सोळा वर्षं तो त्यांच्याच पेटीत! मागून कुणीतरी पुटपुटलं, "काखेत कळसा आणि गावाला वळसा," आणि हसू दाबायचा आवाज आला. कॅप्टनसाहेबांनी ते ऐकलं. ते उठून उभे राहिले.

"बरोबर बोललात," ते त्या आवाजाच्या दिशेला म्हणाले. मग चमचा उचलून, दांडी बाईंकडे करून, त्यांनी तो पुढे धरला. "बाई, मी चुकलो. त्या दिवशी तुम्ही गप्प बसून हा घेऊन गेला असतात, तरी मला कळलं नसतं. कधीच कळलं नसतं. घ्या. हा तुमचा आहे."

अशा वेळी "अहो, राहू द्या, कशाला" म्हणायची बाईंना जन्माची सवय. कुणी बसायला खुर्ची दिली तरी त्या दोनदा नको म्हणायच्या. त्या दिवशी त्यांनी दोन्ही हात पुढे केले आणि चमचा घेतला.

"घेते," त्या म्हणाल्या.

आणि मग जाळीचा चमचा त्यांच्यापुढे सरकवला. "हा तुमचा. अदलाबदलीची बोली आधी झाली होती, पैज नंतर लागली."

टाळ्या कुणी सुरू केल्या ते कळलं नाही. मिस्त्री दाराशी नाक शिंकरत होते आणि शेजारच्याला सांगत होते की खोलीत फार धूळ आहे.

घरी आल्यावर बाईंनी केस टेबलावर ठेवली आणि विसाव्या खणात चमचा निजवला. मग खुर्ची ओढून समोर बसल्या आणि रांग डावीकडून उजवीकडे वाचली, ए, बी, सी, डी, आणि एकदाही न अडखळता यूपर्यंत आल्या. मग उजवीकडून डावीकडे वाचली. मिस्त्रींनी चहा आणून ठेवला, तो गार झाला, दुसरा आणला. तिसऱ्या वेळी बाई हसायला लागल्या. त्यांचं हसणं थांबेना, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"काय झालं?" मिस्त्री म्हणाले.

"काही नाही. चूक नाही एकही," बाई म्हणाल्या. "प्रूफ पास."

पावसाळा सरल्यावर संग्रहालयानं ती रांग तीन महिने मांडली, तीही बाईंच्या लाकडी केससकट. काचेच्या पेटीशेजारी साबणाच्या दोन पट्ट्या आणि एक भिंग ठेवलं होतं. शाळेतली मुलं चांदीपेक्षा साबणाशीच जास्त रेंगाळायची. नणंद तर चार वेळा जाऊन आली, दर वेळी नव्या मैत्रिणी घेऊन. "आमच्या वहिनींचे," ती पहारेकऱ्यालाही सांगायची. "रोज जेवायला हेच. आम्हाला स्टील चालतच नाही." संग्रहालयाच्या बाईंनी खिळेबाईंना आठवड्यातून दोन दिवस बोलावणं सुरू केलं. तळघरात कपाटंच्या कपाटं चांदी होती, आणि वरच्या चिठ्ठ्या कुणी, कधी, काय बघून लिहिल्या होत्या ते देवालाच ठाऊक. पहिल्याच महिन्यात बाईंनी अकरा चिठ्ठ्या बदलल्या. तळघरातल्या टेबलावर त्यांना स्वतःचा दिवा मिळाला, स्वतःची खुर्ची मिळाली, आणि दारावर पाटी लागली.

एका सकाळी त्या दाराशी कॅप्टनसाहेब उभे होते. काखेत मखमली पेटी, कुलूप आधीच उघडलेलं.

"वेळ आहे का, बाई?" मोठ्या इस्पितळात तपासणीला आलेल्या माणसासारखे ते अवघडून उभे होते. "तुमच्या त्या प्रकारानंतर मला माझ्याच पेटीचा भरवसा राहिला नाही. एकेक बघाल का? जे असेल ते सांगा. मी हसणार नाही."

बाईंनी समोरची खुर्ची दाखवली. दिवा जवळ ओढला, भिंग बाहीला पुसलं.

दुपारपर्यंत त्यांनी चाळीस चमचे बघितले. छत्तीस बरोबर होते. तीन चमच्यांच्या चिठ्ठ्या चुकल्या होत्या, कॅप्टनसाहेबांनी त्या मुकाट्यानं फाडल्या. एका छोट्या, वाकड्या, कुणाच्या नजरेत न भरणाऱ्या चमच्यापाशी मात्र बाई थांबल्या. भिंग पुन्हा पुसून बघितलं.

"काय?" कॅप्टनसाहेब पुढे झुकले. "खोटा आहे?"

"खोटा कसला, साहेब. तुम्ही समजताय त्याच्या शंभर वर्षं आधीचा आहे हा." बाईंनी भिंग त्यांच्या हातात दिलं आणि दिवा त्यांच्या बाजूला वळवला. "या इकडे. मी सांगत नाही. तुम्हीच शोधा."

कॅप्टनसाहेब वाकले. मिशा टेबलाला टेकल्या. मग अगदी हळू, विद्यार्थ्यासारखं, त्यांनी विचारलं, "आधी पाय बघायचे ना?"